आगेरा, आग्रयण आणि नाशिककर ख्रिस्ती मंडळींचें उपकारस्मरण

शरद् ऋतूंत नवें भात कापणीस आलें म्हणजे वसई, साष्टी व मुंबई या भागांतील ख्रिस्ती लोक ‘आगेरा’ नांवाचा सण करितात. हा शब्द ‘आग्रयण’ या वैदिक शब्दाचा अपभ्रंश असावा, असा तर्क मनांत सहज येतो. ध्वनि सारखा, ऋतु तोच, विधीहि जवळचा. तेव्हां तर्क मोहक आहे यांत शंका नाहीं. परंतु तो टिकत नाहीं. आणि तो कां टिकत नाहीं हें पाहतांना या सणाचें खरें स्वरूप उलगडतें, म्हणून हें टिपण.

आग्रयण ही नव्या धान्याची इष्टि. नवें धान्य देवतांस अर्पण केल्यावांचून यजमानानें तें खाऊं नये, असा श्रौतसूत्रांचा दंडक आहे. व्रीहींचें आग्रयण शरदांत, यवांचें वसंतांत व श्यामाकांचें वर्षाऋतूंत सांगितलें आहे. शब्दाचें मूळ ‘अग्र’, म्हणजे पहिलें. उलट आगेरा हा शब्द शेत या अर्थाच्या ‘आगेर’ या लॅटिन शब्दावरून आला, अशी व्युत्पत्ति सामान्यतः देतात. ती ग्राह्य धरल्यास त्याचा संस्कृतांतील सगोत्र शब्द ‘अग्र’ नव्हे, तर ऋग्वेदांत शेत किंवा मैदान या अर्थीं येणारा ‘अज्र’ होय. तात्पर्य, दोन्ही शब्दांचें साम्य केवळ कानाचें आहे. एकांत फळाचा अनुक्रम मुख्य, तर दुसऱ्यांत भूमि मुख्य.

शब्द निराळे असले तरी आचार एकाच मातींतले आहेत. ऑक्टोबरांतील पहिल्या रविवारीं नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्यें आणितात. धर्मगुरु त्यांस आशीर्वाद देतात. मग त्या घरोघर वांटल्या जातात. गोमंतकांत याच जातीचें ‘कोणसाचें फेस्त’ रायें येथें ५ ऑगस्टला व ताळगांवीं २१ ऑगस्टला होतें. एकाच विधीच्या तिथींत असें अंतर पडतें, यावरून एक गोष्ट उघड होते. तिथि मागाहून ठरली असली तरी तिच्या मुळाशीं त्या त्या गांवचें पीकच आहे.

शास्त्राधार मात्र ख्रिस्ती मंडळींचा स्वतंत्र आहे. बायबलांतील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २६ व्या अध्यायांत प्रथमफळांची टोपली वेदीपुढें ठेवण्याचा विधि आहे. त्यांत विशेष असा कीं, टोपली देणाऱ्यानें आपल्या पूर्वजांचा भटकेपणा व मिसर देशांतील दास्य तोंडानें उच्चारावयाचें असतें, आणि त्या आनंदांत लेवी व परदेशी यांस वांटेकरी करावयाचें असतें. म्हणजे धान्य हें निमित्त. स्मरण हा विधीचा प्राण.

मध्यंतरीं इंग्लंडांत ही उपासना मागें पडली होती. रॉबर्ट हॉकर या धर्मगुरूनें मॉर्वेन्स्टो या गांवीं इ. स. १८४३ च्या शरदांत तिला नवें रूप दिलें व पुढें ती सर्वत्र पसरली. मिशनांबरोबर ती महाराष्ट्रांत आली. तोच आजचा मराठी मंडळ्यांतील हंगामाचा सण. या दिवशीं लोक धान्य, भाजीपाला, फळें, कोंबडींअंडीं आणून ठेवितात व उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो.

नाशिकास या स्मरणाचा अर्थ विशेष आहे. चर्च मिशनरी सोसायटीनें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथें वसविलेल्या शरणपुरांत गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें वाढत होतीं. इ. स. १८७३ मध्यें लिव्हिंग्स्टन वारले तेव्हां त्यांच्यावर प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा येथील मिशन शाळेचाच विद्यार्थी. दास्यांतून सुटका हें या वसाहतींतील अनेकांस केवळ ग्रंथांतील वचन नव्हतें.

परंतु उपासना परक्या चालीवर गायिली जाई, तोंवर कृतज्ञताहि उसनी वाटे. ती उणीव भरून काढणाऱ्यांत अग्रेसर झाले ते नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकलेले नारायण वामन टिळक. इ. स. १८९५ मध्यें त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढें त्यांनीं अभंग, भजन व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेंत मानाचें स्थान मिळवून दिलें. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं हा मार्ग त्यांच्यापूर्वींच धरला होता. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें. तें या परिसरांतील जलालपुरांत जन्मलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. उपासनेचें खरें नूतनीकरण तें हें: विधि तोच, वाणी आपली.

आतां संग्राहकांस एक विनंति. फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ इ. स. १६१६, १६४९ व १६५४ या वर्षीं छापलें गेलें. तरी त्या आवृत्त्यांची प्रत उपलब्ध नाहीं. हातानें उतरलेल्या पोथ्या भाविकांनीं जपल्या, म्हणून इ. स. १९०७ मध्यें मंगळुरास तो ग्रंथ पुन्हां छापतां आला. आज तीच स्थिति हंगामाच्या सणाच्या कागदांची आहे. भजनांच्या वह्या, कार्यक्रमपत्रिका, लिलावाच्या याद्या यांस कोणी दप्तर समजत नाहीं. वास्तविक कोणत्या वर्षीं बाजरी किती आली, कोणतें पीक वेदीपुढून नाहींसें झालें व द्राक्ष केव्हां आलें, गाणें कोणत्या चालीवर म्हटलें, हें सारें तेथेंच सांपडावयाचें. सनदा व महजर जपणाऱ्या हातांनीं या वह्याहि जपाव्या. एखाद्या घरीं अशी वही असल्यास तिची नक्कल करून घ्यावी, मूळ वही मालकाकडेच राहूं द्यावी, आणि शेवटचें कोरें पान फाडूं नये. बहुधा त्याच पानावर लिहिणाऱ्याचें नांव व साल असतें.