संदेशवहनाची गुप्तता
टपाल, दूरध्वनी, इंटरनेट इ. साधनांनी नागरिक परस्परांना जो मजकूर पाठवितात, तो त्रयस्थाने वाचू वा ऐकू नये, असा नागरिकांचा हक्क. शासनाला मात्र विशिष्ट कारणांसाठी असा संदेश वाटेत अडविण्याचा, उघडून वाचण्याचा वा ऐकण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. या क्रियेस संदेशाचे ‘अवरोधन’ म्हणतात. दूरध्वनीच्या बाबतीत ‘टॅपिंग’ हा शब्द रूढ आहे. या अधिकाराची मर्यादा कोणी सांभाळावी आणि ती ओलांडली गेल्यास नागरिकाला ते कसे कळावे, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीतील भारतीय तार अधिनियम, १८८५ (कलम ५) व भारतीय डाकघर अधिनियम, १८९८ (कलम २६) यांनी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी शासनाला तारा व पत्रे अडविण्याचा अधिकार दिला. आजचा बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. संस्थानाची टपालव्यवस्था व तिकिटे स्वतंत्र होती. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले व १९५० मध्ये तेथील टपालव्यवस्था भारतीय टपाल खात्यात समाविष्ट झाली. तेव्हापासून बीडच्या पत्राला मुंबई-पुण्याच्या पत्राचाच कायदा लागू झाला.

तार अधिनियमात १९७२ मध्ये दुरुस्ती होऊन देशाची सार्वभौमता व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि अपराधास चिथावणी रोखणे ही कारणे नमूद करण्यात आली. डाकघर अधिनियमातील अधिकार व्यापक करणारे विधेयक १९८६ मध्ये संसदेने संमत केले. परंतु राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही व पुढे २००२ मध्ये ते मागे घेण्यात आले. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. तथापि तिच्या नावाचा कायदा त्यानंतरही दूरध्वनी-अवरोधनाचा आधार राहिला.

न्यायालयीन निर्णय : या विषयावरील काही महत्त्वाचे निर्णय महाराष्ट्रातील खटल्यांतून आले आहेत. ‘मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९७२) या खटल्यात मुंबईच्या कॉरोनरवर लाच मागितल्याचा आरोप होता. दूरध्वनीवरील संभाषण, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने, पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले होते. येथे तार अधिनियमाचा भंग झालेला नाही, तसेच पुरावा गैरमार्गाने मिळविलेला असला, तरी केवळ त्या कारणाने तो अग्राह्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. निरपराध नागरिकाच्या संभाषणात होणाऱ्या अन्याय्य हस्तक्षेपास न्यायालये संरक्षण देतील, असेही निकालपत्रात नमूद आहे.

‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार’ (१९९६) या निर्णयाने दूरध्वनीवरील संभाषण हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील खाजगीपणाच्या हक्काचा भाग ठरविला. अवरोधनाचा आदेश केवळ गृहसचिवाने द्यावा, तो मुदतबंद असावा व समितीने त्याचे पुनर्विलोकन करावे, असे निर्बंध न्यायालयाने घातले. ते तार नियमांत २००७ मध्ये समाविष्ट झाले. २०१७ मध्ये न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने ‘विनीत कुमार’ प्रकरणात (२०१९) लाचेच्या गुन्ह्यासाठी दिलेले अवरोधनाचे तीन आदेश रद्द केले व ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा आदेश दिला. सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणतेच कारण तेथे नव्हते. मलकानी खटल्यात पुरावा गैरमार्गाने मिळविला गेल्याने तो बाद होत नाही असे मानले गेले. येथे मात्र बेकायदा पुराव्याला थाराच नाकारण्यात आला. या दोन भूमिकांचा पूर्ण मेळ अद्याप बसलेला नाही.

प्रचलित कायदे : दूरसंचार अधिनियम, २०२३ (कलम २०) व डाकघर अधिनियम, २०२३ (कलम ९) यांतील अवरोधनाच्या तरतुदी जून २०२४ पासून अंमलात आल्या. संगणकीय साधनांतील माहितीस माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० (कलम ६९) लागू आहे. दूरसंचार संदेशांच्या अवरोधनाचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार राज्यात आदेशाचा अधिकार गृहखात्याच्या सचिवास आहे. आदेशाची मुदत ६० दिवसांची असून मुदतवाढ धरून ती १८० दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. तातडीच्या प्रसंगी वरिष्ठ पोलीस अधिकारी अवरोधन सुरू करू शकतो. मात्र सात कामकाजी दिवसांत त्यास मंजुरी मिळावी लागते. पुनर्विलोकन समितीचे अध्यक्ष राज्याचे मुख्य सचिव असतात. बेकायदा अवरोधनास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याखेरीज महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (‘मकोका’) यात अवरोधनाची स्वतंत्र तरतूद आहे. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये अवैध ठरविली होती; सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध ठरविली. बीड जिल्ह्यातील मस्साजोग येथील सरपंचाच्या हत्येच्या (डिसेंबर २०२४) प्रकरणात हा अधिनियम लावण्यात आला. अवरोधनाच्या आदेशाची व अर्जाची प्रत खटल्यापूर्वी किमान दहा दिवस आरोपीला दिल्याशिवाय असा पुरावा ग्राह्य धरता येत नाही, ही या अधिनियमातील महत्त्वाची अट होय.

जिल्हा पातळीवरील अधिकार : पत्र आणि दूरध्वनी यांबाबत कायद्याने वेगवेगळी व्यवस्था केली आहे. बीडच्या टपाल कार्यालयातील एखादे पत्र अन्वेषणासाठी आवश्यक असल्यास जिल्हा दंडाधिकारी (म्हणजेच जिल्हाधिकारी) किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (कलम ९५) अन्वये ते मागवू शकतात. पोलीस अधीक्षकाला त्यांच्या आदेशापर्यंत ते केवळ रोखून ठेवण्यास सांगता येते. दूरध्वनी ऐकण्याचा आदेश मात्र जिल्ह्यातील कोणीही अधिकारी देऊ शकत नाही. त्यासाठी राज्याच्या गृहखात्याकडे जावे लागते. अशा आदेशाविरुद्ध बीडच्या नागरिकाला मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील खंडपीठाकडे दाद मागता येते.

मूल्यमापन : आदेश देणारा सचिव आणि त्याचे पुनर्विलोकन करणारी समिती हे दोन्ही शासनाच्या कार्यकारी शाखेतीलच असतात. अवरोधनापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची पद्धत अमेरिकेत गुन्हेअन्वेषणासाठी १९६८ च्या कायद्याने आली. भारतात १९९६ च्या निर्णयात न्यायालयाने ती सक्तीची करण्यास नकार दिला. महाराष्ट्रात काही राजकीय नेत्यांचे दूरध्वनी बेकायदा ऐकल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये पुणे व मुंबई येथे गुन्हे नोंदविण्यात आले. उच्च न्यायालयाने ते २०२३ मध्ये रद्द केले. ज्याच्यावर खटला भरला जातो, त्याला अवरोधन झाल्याचे निदान न्यायालयात कळते. ज्याच्याविरुद्ध काहीच आढळले नाही, त्याला ते कळविण्याची तरतूद नियमांत नाही आणि ध्वनिमुद्रणे तर ठराविक काळाने नष्ट केली जातात. परिणामी दाद मागण्याचा हक्क असूनही सर्वांत निरपराध नागरिकालाच तो वापरणे सर्वांत अवघड जाते. मुदत संपल्यानंतर संबंधितास सूचना देणे आणि पुनर्विलोकनात न्यायाधीशाचा समावेश करणे, हे दोन उपाय ही उणीव दूर करण्यासाठी प्रामुख्याने सुचविले जातात.