पाटीच्या उजेडाचा दर: नगावर की वर्षावर?

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या बाजारपेठांत पाट्या बदलायची लगबग सुरू होते. बीडचा सुभाष रोड असो, अंबाजोगाईचा मोंढा असो की परळीत वैद्यनाथ मंदिराकडे जाणारा रस्ता, जुना ग्लो साइन बोर्ड उतरवून नवा चढवायचा मुहूर्त हाच. दुकानदार साइनवाल्यासमोर बसतो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एलईडी मॉड्यूल कितीला पडतं? माझ्या मते व्यवहार तिथेच चुकीच्या वाटेला लागतो. मॉड्यूल नगावर विकले जाते, म्हणून तुलनाही नगाच्या दराने करायची सवय पडली आहे. पण दुकानदाराला हवा असतो तो पुढची चार-पाच वर्षे दर संध्याकाळी पाटीभर सारखा पडणारा उजेड. त्या उजेडाला वर्षाला किती रुपये पडतात हे काढले, तर दहा रुपयांचा नग आणि पंचवीस रुपयांचा नग यांतला फरक भलताच वेगळा दिसू लागतो. बीडसारख्या कडक उन्हाच्या, धुळीच्या आणि विजेच्या लपंडावाच्या जिल्ह्यात तर तो उलटासुद्धा होतो.

इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाऊ. पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोदने १९१० साली निऑनच्या नळ्या लोकांसमोर आणल्या आणि जगभरच्या बाजारपेठा रंगीत झाल्या. आपल्याकडे मात्र दीर्घकाळ राज्य केले ते पत्र्याच्या पेटीतल्या ट्यूबलाइटने. मागे चोक गुणगुणतोय, एक नळी फडफडतेय आणि पाटीचा एक कोपरा काळा पडलाय, हे चित्र सगळ्यांच्या परिचयाचे आहे. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळ्याची वाट पाहावी लागली. तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की डोळ्यांना पांढरा वाटणारा उजेड मिळतो. पाटीतले आजचे मॉड्यूल म्हणजे असे दोन-तीन एलईडी, वर पसरट भिंग, भोवती पाणी न शिरणारे प्लॅस्टिक आणि दोन वायरींनी पुढच्याशी जोडलेली साखळी.

आता साध्या १२ व्होल्टच्या मॉड्यूलच्या पोटात काय चालते ते बारकाईने पाहू, कारण किमतीचे निम्मे गूढ तिथेच उकलते. तीन पांढरे एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि प्रत्येकाला सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणजे ९ व्होल्ट कामी आले. उरलेले ३ व्होल्ट स्वस्त मॉड्यूलमध्ये एका बारीक रेझिस्टरवर जळतात. विकत घेतलेल्या विजेचा चौथा हिस्सा उजेड न देता नुसती उष्णता देतो. खरी अडचण याच्या पुढची आहे. साखळी लांबली की बारीक वायरीत व्होल्टेज पडते. शेवटच्या मॉड्यूलपाशी १२ ऐवजी ११ व्होल्ट पोहोचले, तर रेझिस्टरच्या वाट्याला ३ ऐवजी २ व्होल्ट येतात आणि प्रवाह जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतो. पुरवठ्यात बारावा भाग कमी झाला आणि उजेड मात्र तिसऱ्या हिश्श्याने गेला! माजलगावच्या कालव्यावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला जे भोगावे लागते, तेच इथे पाटीच्या शेवटच्या अक्षराला भोगावे लागते. उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. परळीची महाशिवरात्र किंवा कपिलधारची कार्तिक पौर्णिमेची यात्रा अशा ठिकाणी मांडलेले स्टॉल गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर पाट्या पेटवतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या वर दाब असतो. रेझिस्टरवर ३ ऐवजी ५ व्होल्ट आले की प्रवाह दीडपटीच्या वर जातो आणि मॉड्यूल आतून भाजून निघते. महागड्या मॉड्यूलमध्ये रेझिस्टरच्या जागी प्रवाह स्थिर ठेवणारी छोटी आयसी असते. ठरावीक मर्यादेत व्होल्टेज खाली-वर झाले तरी ती प्रवाह हलू देत नाही, त्यामुळे पहिले आणि शेवटचे अक्षर एकाच तेजाने उजळते. वाढीव दरात मिळणारी मुख्य वस्तू ही आहे. अर्थात आयसी असली तरी कारखान्याने सांगितलेल्या नगांहून लांब साखळी ओढू नये. मोठ्या पाटीला दोन-तीन ठिकाणांहून जाड वायरीने पुरवठा द्यावा.

डब्यावर छापलेल्या ५०,००० तासांकडे वळू. रोज पाच तास पाटी पेटली तर वर्षाचे १,८२५ तास होतात. त्या हिशेबाने पाटी सत्तावीस वर्षे चालायला हवी. तशी ती चालत नाही, कारण तो आकडा बहुधा चिपचा असतो आणि तोही ठरावीक तापमानातला. बीडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पश्चिमेला तोंड करून असलेली पत्र्याची किंवा एसीपीची (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलची) बंद पेटी दुपारभर तापते आणि संध्याकाळी दिवे लावतानाही आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरमच असते. त्या उष्णतेत फॉस्फर थकतो, भिंग पिवळे पडते आणि उजेड हळूहळू उतरतो. मूळ उजेडाच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे एलईडीचे आयुष्य, अशी या धंद्यातली रीत आहे. त्यामुळे ‘जळाले नाही’ म्हणजे ‘चालते आहे’ असे समजणे बरोबर नाही. मॉड्यूलच्याही आधी दम तोडतो तो एसएमपीएस, म्हणजे दुकानातली वीज १२ व्होल्टवर आणणारा संच. त्यातल्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. म्हणून एसएमपीएस ७५-८० टक्क्यांहून जास्त भरू नये, शक्यतो पेटीबाहेर सावलीत बसवावा आणि त्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीचा आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का ते पाहावे. मॉड्यूलवर पाचशे रुपये वाचवण्यापेक्षा एसएमपीएसवर पाचशे जास्त घालणे मला केव्हाही शहाणपणाचे वाटते.

आता आकडे मांडू. दर बाजारागणिक बदलतात, म्हणून हे निव्वळ उदाहरण समजावे. दहा फूट रुंद, तीन फूट उंच आणि पाच इंच खोल पेटी घेऊ. म्हणजे ३० चौरस फूट. साधे मॉड्यूल उजेड फार पसरवत नाही, म्हणून ते चार-चार इंचांवर लावले. चौरस फुटाला ९ याप्रमाणे २७० नग झाले. रुंद भिंगाचे मॉड्यूल सहा इंचांवर चालते. चौरस फुटाला ४ याप्रमाणे १२० नग. साधा नग १० रुपयांचा धरला तर २,७०० रुपये, भिंगाचा २५ रुपयांचा धरला तर ३,००० रुपये. नगाच्या दरात अडीचपट असलेला फरक पाटीवर आल्यावर तीनशे रुपयांवर आला. साधा नग ०.७२ वॅटचा असेल तर एकूण १९४ वॅट, चांगला १.२ वॅटचा घेतला तर १४४ वॅट. साध्याने वॅटमागे ७० लुमेन दिले आणि चांगल्याने १००, तर उजेड अनुक्रमे सुमारे १३,६०० आणि १४,४०० लुमेन. म्हणजे चांगला थोडा वरचढच. पन्नास वॅटचा फरक रोज पाच तास धरला की वर्षाला ९१ युनिट होतात. व्यापारी जोडणीचे सगळे आकार मिळून युनिटला १२ रुपये धरले, तर हजार-अकराशे रुपये. पहिल्या वर्षातच तीनशेचा फरक तिपटीने फिटला. शिवाय दोन वर्षांनी एखादी साखळी गेली आणि बीडहून कारागीर शिरूर कासारला किंवा आष्टीला बोलवावा लागला, तर त्याचे जाणे-येणे, शिडी, ॲक्रेलिक उतरवणे-चढवणे हे सगळे वेगळेच. नवा नग जुन्यांच्या रंगाशी जुळत नाही आणि पांढऱ्या पाटीवर तो ठिगळासारखा दिसतो. म्हणून पहिल्याच खरेदीत त्याच लॉटचे पाच-दहा टक्के नग जादा घेऊन ठेवावेत.

इथपर्यंतचा हिशेब चौकोनी पेटीचा झाला. माझ्या मते या विषयाचा खरा गाभा सुट्या अक्षरांच्या पाटीत आहे, आणि त्यातही देवनागरीत. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांहून लहान चालत नाहीत. पाटीच्या उजेडाची बहुतेक कोष्टके मात्र रोमन अक्षरे समोर ठेवून केलेली असतात. तिथे प्रत्येक अक्षर सुटे, रेघ सरळ, उंची एक. देवनागरीत शिरोरेषेने सगळा शब्द एका पत्र्याच्या नळीत बांधला जातो. हा फायदाच आहे: वायर एका अक्षरातून दुसऱ्यात आतल्या आत जाते, भिंतीला भोके कमी पडतात, पाणी शिरायच्या जागा घटतात. पण शिरोरेषा आणि दंड मिळतात तिथे दोन्हीकडचे मॉड्यूल जवळ येऊन पांढरा डाग उठतो. तिथे एक जागा रिकामी सोडायचे भान कारागिराला हवे. ‘योगेश्वरी’ हा शब्द घ्या. अंबाजोगाईच्या देवीमुळे तो जिल्हाभर पाट्यांवर असतो. त्यातल्या मात्रा वर निमुळत्या होत जातात आणि तीन एलईडींचे मॉड्यूल तिथे मावत नाही. टोके अंधारी राहतात. ‘श्व’ची पोकळी इतकी चिंचोळी की पत्रा वळवणेच अवघड. ‘वैद्यनाथ’मधल्या ‘द्य’चीही तीच गत. ‘केंद्र’वरचा अनुस्वार म्हणजे तर स्वतंत्र डबी: तिला वेगळी वायर, वेगळे भोक, आणि तीन एलईडींचे मॉड्यूल बसवले तर एका टिंबाची तीन टिंबे दिसतात. अशा जागी एका एलईडीचे छोटे मॉड्यूल लागते, ते वॅटमागे महाग पडते, आणि साइनवाल्याच्या दरपत्रकात बहुधा त्याचा उल्लेख नसतो.

याचा किमतीवर होणारा परिणाम दुकानदाराने आधीच समजून घ्यावा. सुट्या अक्षरांचा दर बऱ्याचदा उंचीच्या इंचावर ठरतो. रोमनमध्ये उंची म्हणजे उंची. देवनागरीत मात्र शिरोरेषेपासून दंडाच्या तळापर्यंत मोजायचे, की वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंत? शब्दागणिक यात तिसऱ्या हिश्श्याइतका फरक पडू शकतो आणि बिलाच्या वेळी वाद होतो तो इथेच. शिरोरेषा ते तळ एवढेच माप धरून दर ठरवावा आणि मात्रा-अनुस्वारांचे वेगळे लिहून घ्यावे, हे दोघांच्याही हिताचे. अक्षराचे वळण निवडतानाही उजेडाचा विचार हवा. बोरूच्या वळणाची जाड-बारीक रेघ कागदावर देखणी दिसते, पण पेटल्यावर जाड भाग फिका आणि बारीक भाग भगभगीत होतो. सगळीकडे सारख्या जाडीची रेघ असलेले वळण घेतले तर एकाच जातीचे मॉड्यूल पुरते. मराठी पाटी महाग पडते अशी तक्रार ऐकू येते. ती पुष्कळदा लिपीची नसून रोमनसाठी केलेली मांडणी जशीच्या तशी मराठीवर लादल्याची असते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येईल तो भांडवलाचा. दुष्काळी जिल्ह्यातला छोटा दुकानदार पाच वर्षांचा हिशेब कशाला करेल, त्याला आज खिशात किती आहेत ते पाहावे लागते. आक्षेप रास्त आहे. पण वरच्या उदाहरणात फरक तीनशे रुपयांचा होता. खर्च खरोखर कमी करायचा असेल तर पाटी दोन फुटांनी लहान करावी किंवा तेज उतरवावे, हलका माल घेऊ नये. दुसरा आक्षेप असा की फॅशन बदलते, भाड्याचे दुकान सुटते, मग टिकाऊ मालाचा उपयोग काय? जत्रेतला स्टॉल, हंगामी फटाक्यांचे दुकान, निवडणुकीचे कार्यालय यांना हे पूर्ण लागू आहे आणि तिथे साधे मॉड्यूलच योग्य. भाड्याच्या दुकानाला मात्र नाही, कारण चांगली साखळी आणि एसएमपीएस काढून नव्या पेटीत लावता येतात. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: महाग घेतले तरी ते चांगले असेल याची खात्री काय? छापील आकडे कुणीही छापतो. याचे उत्तर विश्वासावर सोडू नये, मोजून घ्यावे. वीस नगांची साखळी १२ व्होल्टवर लावून मल्टिमीटरने प्रवाह पाहावा. डब्यावर १.२ वॅट लिहिले असेल तर २४ वॅट, म्हणजे २ अँपिअर यायला हवेत; दीडच आले तर छापील आकडा खोटा. शेवटच्या नगापाशी व्होल्टेज मोजावे. मग पुरवठा मुद्दाम ११ व्होल्टवर आणावा. एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून बहुधा तेवढे खाली येता येते. प्रवाह होता तितकाच राहिला तर आत आयसी आहे, घसरला तर रेझिस्टर. तासभर पेटवून पाठीला हात लावावा. हात ठेववत नसेल तर मेमध्ये बंद पेटीत त्याचे काय होईल ते उघड आहे.

ही चाचणी बीडच्या कोणत्याही वायरमनला अर्ध्या तासात करता येते आणि तिला लागणारा मीटर त्याच्या पिशवीत असतोच. म्हणून यंदा पाटी ठरवताना नगाचा दर शेवटी विचारावा. आधी कोटेशनवर या गोष्टी लिहून घ्याव्यात: एकूण नग आणि एकूण वॅट, आयसी की रेझिस्टर, एसएमपीएसची क्षमता व नोंदणी क्रमांक, अक्षराची उंची कुठून कुठपर्यंत, जादा नग किती, आणि बिघडल्यास शिडीसकट दुरुस्ती कुणाच्या खर्चाने. एवढे लिहून देणारा साइनवाला दोन-तीन हजारांनी महाग असला तरी काम त्यालाच द्यावे. आज चांगले काम करणाऱ्या कारागिराला स्वस्त मालाच्या दराशी झुंजावे लागते. गिऱ्हाईकच वर्षाचा हिशेब मागू लागले, तर त्याची मेहनत किमतीत दिसेल आणि हलका माल विकणाऱ्याला आपोआप सुधारावे लागेल.