जुना मॉनिटर काढण्याआधी टॅब्लेटचं पोर्ट पाहा

टॅब्लेटला जुना मॉनिटर जोडता आला नाही की दोष मॉनिटरच्या वयाला दिला जातो. अडचण अनेकदा टॅब्लेटच्या पोर्टमध्ये असते. यूएसबी-सीचं तोंड सारखंच दिसलं, तरी प्रत्येक पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. त्यासाठी ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’सारखी सोय लागते. सॅमसंगच्या टॅब एस८मध्ये ती आहे, स्वस्त टॅब ए८मध्ये नाही. ती असेल तर जुन्या मॉनिटरवरच्या, १९८७मध्ये आलेल्या व्हीजीए जोडणीलाही डिजिटल संकेत अ‍ॅनालॉग करणारा कन्व्हर्टर पुरतो. चित्र धूसर येतं, हा आक्षेप रास्त आहे. पण मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबल्यावर ते बरंच सुधारतं. व्हीजीएला एचडीसीपी हे नक्कल रोखणारं संरक्षण नसल्यानं ओटीटीवरचे चित्रपट मात्र अडू शकतात. वाचन, लेखन, हिशेबासाठी जुना पडदा उत्तम चालतो. कन्व्हर्टर घेण्याआधी टॅब्लेटच्या तपशिलात ‘व्हिडिओ आउटपुट’ जरूर शोधा.