वैनगंगेकाठची पवनी: झाडीपट्टीच्या इतिहासाची उलटतपासणी

चंद्रपूर, गडचिरोली आणि भंडारा या झाडीपट्टीतल्या जिल्ह्यांचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. घनदाट जंगल, वाघ, धानाच्या बांध्या आणि अधूनमधून दिसणारी गावे. इतिहासाचा विषय निघालाच, तर तो गोंड राजांच्या किल्ल्यांपासून सुरू होतो आणि त्याआधीचे सगळे ‘अरण्य’ या एका शब्दात गुंडाळले जाते. दंडकारण्याच्या कथांनी हा समज पक्का केला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींनी त्याला सरकारी शिक्का दिला आणि शालेय पुस्तकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेला. हा समज चुकीचा आहे, आणि तो खोडून काढणारा पुरावा दूर कुठे शोधायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडहून नागपूरच्या वाटेला लागले आणि भिवापूरकडून वैनगंगेच्या दिशेने वळले, की पवनी हे जुने शहर लागते. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी या झाडीच्या कुशीत तटबंदीचे, खंदकाचे, लिहित्या-वाचत्या माणसांचे नगर नांदत होते. जंगल आणि नगर एकमेकांचे वैरी नव्हते, दोघांचे पोट एकमेकांवर चालत होते, हे पवनी नीट पाहिली की पटते.

नगर इथेच का वसले, याचे उत्तर नदीत आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडाऱ्यावरून पवनीला येते, पुढे गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांमधून दक्षिणेला जाते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे नर्मदेच्या पलीकडच्या प्रदेशातून दख्खनच्या पूर्व भागात उतरणाऱ्याला ही नदी सरळ वाट दाखवत होती. पवनी या वाटेवर, नदीच्या उजव्या तीरावर आहे. पश्चिमेला काळी कापसाची जमीन आणि पूर्वेला व दक्षिणेला धानाची झाडी, यांच्या सांध्यावरच ती उभी आहे. झाडीतून लाकूड, लाख, मध, हिरडा, मोहफूल येणार आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या टेकड्यांतून लोहखनिज. विदर्भात लोखंड गाळण्याची विद्या फार जुनी आहे. नागपूरजवळच्या नायकुंडला शिळावर्तुळांच्या काळातली लोखंडाची भट्टी उत्खननात सापडली आहे. ज्या ठिकाणी दोन प्रकारची पिके, रानातला माल आणि लांबचा व्यापारी एकत्र येतात, तिथे बाजार भरतो, आणि बाजार टिकला की नगर उभे राहते. पवनीच्या जन्मामागे हाच साधा हिशेब आहे.

आज पवनीत पाऊल टाकणाऱ्याला पहिल्यांदा दिसतो तो परकोट. एका बाजूला वैनगंगा आणि उरलेल्या बाजूंना मातीचा उंच बांध व त्याला लागून खंदक, अशी या नगराची आखणी आहे. मातीच्या बांधावर पुढच्या काळात दगडी तट चढला, बुरूज आले, दगडी दरवाजा आला. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला हा मध्ययुगीन किल्ला वाटतो. पण दगडाखाली जी माती आहे, तिचे वय फार मोठे आहे. या बांधाकडे केवळ अवशेष म्हणून पाहू नये. इतकी माती उपसायची, वाहून आणायची आणि रचायची, तर शेकडो हात कितीतरी महिने राबले असणार. त्यांना धान्य पुरवणारी शेती आजूबाजूला असणार आणि त्यांना कामाला लावणारी कुणीतरी सत्ता असणार. ओडिशातील शिशुपालगढलाही याच प्राचीन काळातली मातीची तटबंदी आहे आणि तिच्यावरून अभ्यासक तिथल्या नगरव्यवस्थेचा अंदाज बांधतात. पवनीच्या परकोटाला तोच न्याय लावला, तर इथे तुरळक वस्ती होती असे म्हणण्याला जागाच उरत नाही.

सर्वांत बोलका पुरावा मात्र जगन्नाथ टेकडीत निघाला. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्‌पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली पवनीत उत्खनन केले. जगन्नाथाच्या देवळाखालची टेकडी म्हणजे एक प्रचंड बौद्ध स्तूप आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले. चांडकापूरच्या टेकडीतही स्तूप मिळाला. जगन्नाथ टेकडीचा स्तूप आकाराने सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा होता. त्याच्याभोवती दगडी कठडा होता आणि त्या कठड्याच्या खांबांवर शिल्पे व ब्राह्मी लिपीतले लेख कोरलेले होते. त्यातले एक शिल्प जवळून पाहण्याजोगे आहे. झाडाखाली एक रिकामे आसन आहे आणि त्याच्यावर अनेक फण्यांचा नाग छत्र धरून उभा आहे. बुद्धाची मानवी मूर्ती त्या काळी कोरत नसत; रिकामे आसन हीच त्याची खूण. ज्ञानप्राप्तीनंतर अवकाळी पावसात ध्यानस्थ बुद्धावर मुचलिंद नागाने फणा धरला, ही ती कथा, आणि पवनीच्या कारागिराने नागाचे नावही शिल्पाशेजारी कोरून ठेवले आहे. एका लेखात ‘पचनेकायिक’ असा उल्लेख येतो. बौद्ध धर्मग्रंथांचे पाचही निकाय जाणणारा, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या एका दानलेखात सर्व जिवांना सुख लाभावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. धर्मग्रंथांचे जाणकार, अक्षर कोरणारे कारागीर, नावानिशी दान देणारे गृहस्थ आणि ते लेख वाचू शकणारा समाज, इतक्या गोष्टी त्या एका कठड्याने आपल्यापुढे ठेवल्या आहेत.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हे सगळे बाहेरून आलेल्यांचे काम आहे, मगधाहून किंवा माळव्याहून आलेल्या भिक्षूंनी आणि व्यापाऱ्यांनी नदीकाठी एक ठाणे वसवले, आजूबाजूची झाडी मात्र होती तशीच राहिली, असे म्हटले जाते. बाहेरून माणसे आणि विचार आले, यात शंका नाही. पवनीच्या शिल्पांचे भारहुत आणि सांचीशी नाते उघड आहे. पण झाडी त्यापासून अलिप्त राहिली, हे खरे नाही, आणि याचा पुरावा खुद्द नागभीडच्या परिसरात आहे. नागभीडजवळच्या देवटेक या लहानशा गावी एक शिलालेख मिळाला. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकातच त्याची नोंद केली आणि पुढे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. लेखाची लिपी मौर्यकालीन ब्राह्मी आणि भाषा प्राकृत आहे. प्राणी पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी आज्ञा त्यात आहे आणि ती मोडणाऱ्याला शिक्षेचा धाक आहे. अशोकाच्या अधिकाऱ्याची ही आज्ञा असावी, असे मिराशींचे मत होते. शिकारीवर निर्बंध घालणारी आज्ञा कुठे कोरतात? जिथे शिकार करणारी माणसे राहतात आणि जिथे आज्ञा वाचून दाखवणारा अधिकारी पोहोचतो, तिथेच. म्हणजे पवनीच्या परकोटापासून दूर, आजच्या नागभीड तालुक्याच्या रानापर्यंत राज्यकारभार, लिपी आणि धर्मविचार त्या काळी येऊन पोहोचले होते. नागपूरच्या बाजूला कुही तालुक्यातील अडम येथे तटबंदीचे आणखी एक नगर उत्खननात मिळाले आणि तिथे अस्सक जनपदाचे नाव असलेली मुद्रा सापडली. एखादे एकटे ठाणे असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. इथे नगरांची आणि लेखांची साखळीच आहे.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. पवनी एवढी मोठी होती, तर मध्येच विझून गेली असणार, आजच्या गावाशी तिचा काय संबंध, असा हा प्रश्न. नगराचे वैभव कमी-जास्त झाले, हे खरेच. पण धागा तुटला नाही. भार कुळातील भगदत्त राजाचा लेख असलेला पादुकापट्ट पवनीत मिळाला. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभ इथे उभारला गेला होता, म्हणजे पश्चिमेकडच्या क्षत्रपांशीही या भागाचा संबंध आला. देवटेकच्या त्याच शिळेवर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा लेख आहे आणि त्यात चिक्कंबुरी येथील त्याच्या धर्मस्थानाचा उल्लेख आहे. देवटेकजवळचे चिकमारा म्हणजेच हे चिक्कंबुरी, असे मिराशींनी दाखवले. गौतमीपुत्र सातकर्णीच्या नाशिकच्या लेखातले ‘बेनाकटक’ म्हणजे वैनगंगेचा काठ, असेही काही अभ्यासक मानतात. ते मत वादाचे आहे, म्हणून या युक्तिवादाचा भार त्याच्यावर टाकण्याची गरज नाही. जमिनीतून निघालेले दगड पुरेसे आहेत. नदीने खाली गेले की चामोर्शी तालुक्यात मार्कंडा लागते आणि तिथल्या कोरीव देवळांवरून मध्ययुगातही हा काठ जागता होता, हे दिसते. पवनीत पुढे घाट बांधले गेले, वैजेश्वराचे आणि मुरलीधराचे देऊळ झाले, विदर्भाच्या अष्टविनायकांतला पंचमुखी गणपती भक्तांचे श्रद्धास्थान झाला आणि गावाला विदर्भाची काशी म्हणू लागले. कोष्ट्यांच्या मागांवरची रेशीमकाठी लुगडी इंग्रजी अमदानीतही नावाजलेली होती. स्तूपाच्या टेकडीवर जगन्नाथाचे देऊळ आले, याकडेही तुटलेपणाची खूण म्हणून पाहू नये. धर्म बदलला, देव बदलला, पण ती जागा पवित्र आहे ही लोकांची जाणीव बदलली नाही.

तिसरा आक्षेप प्रवाशांचा आहे आणि तो सर्वांत व्यावहारिक आहे. पवनीला जाऊन पाहायचे काय? सांचीला अख्खा स्तूप उभा आहे. इथे मातीचा ढिगारा, शिल्पे गावाबाहेरच्या संग्रहालयांत आणि परकोटावर झुडपे. पण सांचीचा स्तूपही आज दिसतो तसा आपोआप उरलेला नाही. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शलने १९१२ ते १९१९ या वर्षांत त्याची पद्धतशीर दुरुस्ती केली, तेव्हा तो आजच्या रूपात लोकांसमोर आला. आणि नगराचा इतिहास दाखवायला उंच इमारतच लागते, असेही नाही. युक्रेनमध्ये देस्ना नदीच्या काठी चेर्निहिव्ह नावाचे जुने शहर आहे. तिथली मूळ गढी आज ‘वाल’ म्हणजे तट या नावानेच ओळखली जाते. ती लोकांची बाग झाली आहे, अकराव्या शतकातले चर्च तिथेच उभे आहे आणि शहरातली मुले तिथे फिरता फिरता आपल्या गावाचा इतिहास शिकतात. पवनीला नदी, परकोट, खंदक, घाट आणि टेकडी या पाचही गोष्टी चालत जाता येईल अशा अंतरात आहेत. कमतरता आहे ती या पाचांना जोडून सांगणाऱ्या वाटेची, मराठीतल्या सुबोध फलकांची आणि इथून निघालेल्या शिल्पांच्या निदान प्रतिकृती ठेवणाऱ्या एका स्थानिक दालनाची.

परकोटावर आणि त्याच्या पायथ्याशी माणसे राहतात, त्यांना हलवून वारसा जपायचा का, हा प्रश्नही रास्त आहे. पवनीने या बाबतीत पुरेसे सोसले आहे. तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि या प्रकल्पापायी अनेक गावांना आपली घरे आणि शेते सोडावी लागली. त्यामुळे जतनाच्या नावाखाली आणखी एक विस्थापन कुणीही सुचवू नये. त्याची गरजही नाही. नवे खोदकाम आणि बांधकाम परकोटाची माती खाऊन टाकणार नाही एवढी शिस्त आणि घरांच्या कामात निघालेली खापरे, नाणी, कोरीव दगड कुणाकडे द्यायचे याची गावाला ओळखीची व्यवस्था, इतके झाले तरी पुष्कळ. १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा उत्खनन केले आणि पहिल्या उत्खननाच्या माहितीत भर पडली. जमिनीच्या पोटात अजून पुष्कळ आहे. ते सांभाळायचे, तर तिथे राहणाऱ्या लोकांनाच त्याचे राखणदार करावे लागेल, आणि राखणदाराला आपण काय राखतो आहोत हे माहीत असावे लागेल.

म्हणूनच हा विषय केवळ पर्यटनाचा नाही. गोसीखुर्दच्या उजव्या कालव्यातून निघणारा घोडाझरी शाखा कालवा वैनगंगेचे पाणी नागभीड तालुक्याच्या धानशेतीकडे नेण्यासाठी आखलेला आहे. म्हणजे पवनी आणि नागभीड यांचे नाते पुन्हा एकदा नदीच जोडते आहे. हे नाते रेल्वेनेही जोडले होते. १९०८ पासून नागपूर-नागभीड छोट्या रेल्वेवर ‘पवनी रोड’ हे स्थानक होते. २०१९ मध्ये रुळांची रुंदी बदलण्यासाठी ती गाडी थांबली. नव्या मोठ्या मार्गाचा उपयोग माल आणि प्रवासी नेण्यापुरता न ठेवता नागभीडच्या शाळांनी आपल्या मुलांच्या सहली देवटेक आणि पवनीला न्याव्यात. आपल्या भागाला इतिहास नाही, असे लहानपणापासून ऐकत आलेली मुले आपली माती, आपली भाषा आणि आपले हक्क यांची किंमतही कमीच लावतात. झाडीपट्टीने दोन हजार वर्षांपूर्वी नगर उभारले, दगडावर नाव कोरले आणि रानातल्या जिवांसाठी कायदा वाचला, हे त्यांना पुराव्यानिशी कळले पाहिजे. तो पुरावा देण्यासाठी पवनी तयार आहे. तो वापरण्याची जबाबदारी शिक्षक, नगरपरिषद आणि वाचक या सर्वांची आहे.