शेजाऱ्याच्या पाठीशी संसद

परराष्ट्र धोरण आणि युद्धाचे निर्णय भारतात मंत्रिमंडळ घेते. परदेशाशी झालेल्या प्रत्येक कराराला संसदेची मंजुरी लागतेच असे नाही. मात्र खर्च, कर आणि आणीबाणी यांचे निर्णय संसदेच्या संमतीशिवाय टिकत नाहीत. संसद दुसऱ्या देशाच्या रक्षणाला पाठबळ कसे देते, हे 1971 सालच्या बांगलादेशाच्या लढ्यात दिसून आले. तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे पूर्वी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. लोकसभेत ते साताऱ्याचे प्रतिनिधी होते.

25 मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांड सुरू केले. 31 मार्चला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी पूर्व बंगालच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमताने संमत केला. ठराव म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकी काँग्रेसने 1979 साली तैवानला बचावाची शस्त्रे पुरवण्यासाठी कायदाच केला. इथे संसदेने दिला तो शब्द. पण सगळे पक्ष एकत्र उभे राहिल्याने त्या शब्दाला वजन आले.

शब्दामागून पैसा उभा करावा लागला. सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांची संख्या वर्षअखेर एक कोटीच्या घरात गेली. अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी 60 कोटी रुपये ठेवले होते. ऑगस्टमध्ये पुरवणी मागणीद्वारे आणखी 200 कोटी मंजूर झाले. तेही अपुरे पडले, तेव्हा टपाल, रेल्वे आणि विमानप्रवासावर कर बसवण्यात आला, आधी अध्यादेशाने आणि मग कायद्याने. 15 नोव्हेंबरपासून पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशांचे ‘शरणार्थी सहायता’ तिकीट लागू लागले. सातारा-सांगलीतून मुंबईला जाणाऱ्या पत्रानेही हा वाटा उचलला. मार्च 1973 अखेर हा टपाल कर संपला.

3 डिसेंबरला पाकिस्तानने भारताच्या विमानतळांवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी संसदेने आणीबाणीच्या घोषणेला मान्यता दिली आणि भारत संरक्षण कायदा मंजूर केला. 6 डिसेंबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी बांगलादेशाला मान्यता दिल्याचे संसदेतच जाहीर केले. रणभूमीवर, जमालपूरच्या लढाईत, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण म्हणजेच ‘जंगी पलटण’ लढली. या रेजिमेंटमध्ये भरती होण्याची परंपरा सातारा आणि सांगलीच्या गावागावांत आहे. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले.

19 मार्च 1972 रोजी भारत आणि बांगलादेश यांनी 25 वर्षांचा मैत्री करार केला. एकमेकांविरुद्धच्या लष्करी गटात सामील व्हायचे नाही आणि एकावर हल्ला झाल्यास तातडीने विचारविनिमय करायचा, हे त्यात ठरले. भूभागाच्या अदलाबदलीला मात्र करार पुरत नाही, त्यासाठी घटनादुरुस्ती लागते. म्हणूनच 1974 चा भूसीमा करार पूर्णत्वास नेणारी शंभरावी घटनादुरुस्ती संसदेने मे 2015 मध्ये मंजूर केली, आणि शेजाऱ्याच्या सीमेचा प्रश्न मिटला.