परिषदेचें दार आणि संशोधनाची वही

शास्त्रीय परिषद म्हटली कीं भव्य सभागृह, व्यासपीठावरील अध्यक्ष आणि दूरदूरच्या देशांतून आलेले विद्वान् असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. सन २०२० मध्यें हें चित्र अकस्मात् पालटलें. अमेरिकन फिजिकल सोसायटीची डेन्व्हर येथील परिषद त्या वर्षीं २ मार्चला सुरू व्हावयाची होती. परंतु कोविडच्या सांथीमुळें ती २९ फेब्रुवारीस रद्द करण्यांत आली. तेव्हां अनेक संशोधकांनीं आपलीं व्याख्यानें संगणकाच्या पडद्यावरून दिलीं. सभागृहावांचून सभा भरली. प्रवासखर्च परवडत नाहीं किंवा व्हिसा मिळत नाहीं म्हणून जे एरवीं बाहेर राहिले असते, त्यांसही अशा दूरस्थ परिषदेंत बसतां येऊं लागलें.

दार उघडलें, हें चांगलें झालें. परंतु व्याख्यान ऐकणाऱ्यास कळतो तो केवळ निष्कर्ष. तो कसा निघाला, हें संशोधकाच्या वहींत असतें. ती वही मिटलेली राहिली, तर हजारों श्रोते असूनही परीक्षक मात्र एकही नसतो.

याचा प्रत्यय त्याच वर्षीं आला. २२ मे २०२० रोजीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयीं एक निबंध प्रसिद्ध झाला. सुमारें ९६,००० रुग्णांच्या नोंदींवरून त्यांत म्हटलें होतें कीं, हें औषध दिलेल्या रुग्णांत मृत्यूचें प्रमाण अधिक आहे. तीनच दिवसांनीं, या औषधाची आपली चांचणी स्थगित केल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. इतर शास्त्रज्ञांनीं मूळ नोंदी पाहूं मागितल्या. पण ज्या कंपनीनें त्या पुरविल्या होत्या, तिनें त्या तपासनिसांच्या स्वाधीन केल्या नाहींत. अखेर ४ जूनला निबंध मागें घ्यावा लागला. दुसऱ्याच दिवशीं ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चांचणीच्या चालकांनीं, रुग्णालयांतील रोग्यांस या औषधाचा लाभ होत नाहीं, असें जाहीर केलें. पण या चांचणीची योजना आधींच प्रसिद्ध झालेली असल्यामुळें तिचा निर्णय कोणासही पारखून घेतां येत होता.

मग संशोधन पारदर्शक कशानें होतें? पहिली गोष्ट पूर्वनोंदीची. काय मोजावयाचें, हें प्रयोगापूर्वींच जाहीर करावें. म्हणजे बाण मारल्यावर त्याभोंवतीं वर्तुळ काढण्यास वाव राहत नाहीं. दुसरी मूळ आंकड्यांची. रुग्णांचीं नांवें व ओळख झांकून ते इतरांस तपासूं द्यावेत. तिसरी गणिताच्या रीतीची. ज्या संगणकीय आज्ञावलीनें उत्तर काढलें, तीही सोबत ठेवावी.

म्हणून दूरस्थ परिषदेचें यश श्रोत्यांच्या संख्येवरून मोजूं नये. व्याख्यान संपल्यावर दूरच्या गांवचा एखादा अनोळखी विद्यार्थी ते आंकडे उघडून तेंच गणित पुन्हा मांडूं शकतो कीं नाहीं, हें पाहावें. त्याचें उत्तर निराळें निघालें, तर तें ऐकून घेण्याची तयारी व्याख्यात्यानें ठेविली पाहिजे.