पिण्याच्या पाण्यातील निर्जंतुकीकरणजन्य उपपदार्थांचे मापन : पद्धती व अर्थनिर्णय

प्रस्तावना :

पाण्याच्या क्लोरिनीकरणामुळे विसाव्या शतकात कॉलरा, विषमज्वर यांसारख्या जलजन्य रोगांना मोठा आळा बसला. आपल्या ग्रामीण भागात विहिरीत वा टाकीत टी.सी.एल. पावडर टाकली जाते आणि नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी घेतली जाते. पाण्यास पिवळा रंग आला की पाणी सुरक्षित आहे, असे मानले जाते. ही चाचणी आवश्यकच आहे. परंतु ती केवळ शिल्लक क्लोरीन दर्शविते. क्लोरीनने पाण्यात कोणते नवे पदार्थ निर्माण केले, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. ते उत्तर मिळविण्याच्या पद्धती व त्यांतील संभाव्य चुका यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उपपदार्थांची निर्मिती :

पालापाचोळा व माती यांतून ह्युमिक व फल्विक आम्ले पाण्यात उतरतात. क्लोरीनची या सेंद्रिय पदार्थांशी अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्म व तत्सम संयुगे तयार होतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे योहानेस रूक यांनी १९७४ साली हे प्रथम दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनीही असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यात ब्रोमाइड असल्यास क्लोरीनमुळे त्याचे हायपोब्रोमस आम्ल होते व ब्रोमीनयुक्त संयुगे मिळतात. क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायब्रोमोक्लोरोमिथेन व ब्रोमोफॉर्म या चौघांना एकत्रितपणे ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. हॅलोॲसेटिक आम्ले हा दुसरा महत्त्वाचा गट होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला '२ ब' म्हणजे मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे.

नमुना संकलन :

हे पदार्थ लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात असतात. त्यामुळे मापनाची खरी सुरुवात उपकरणापाशी नव्हे, तर नळापाशी होते. येथे परस्परविरुद्ध दिशांच्या दोन चुका संभवतात. नमुन्यातील शिल्लक क्लोरीन नष्ट न केल्यास अभिक्रिया बाटलीतही चालूच राहते आणि आकडा वाढतो. याउलट बाटलीत हवेचा बुडबुडा राहिल्यास बाष्पनशील ट्रायहॅलोमिथेन त्या हवेत निघून जातात व आकडा घटतो. म्हणून सुमारे ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत आधीच सोडियम थायोसल्फेट किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल ठेवावे, कुपी संथपणे काठोकाठ भरावी, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाने बंद करावी आणि उलटी करून बुडबुडा नसल्याची खात्री करावी. नमुना ४ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवून १४ दिवसांच्या आत तपासावा. हॅलोॲसेटिक आम्लांच्या नमुन्यासाठी मात्र अमोनियम क्लोराइड वापरतात.

नमुन्याचे स्थळही तितकेच महत्त्वाचे आहे. पाणी जलवाहिनीत जितका अधिक काळ राहते तितके ट्रायहॅलोमिथेन सामान्यतः वाढतात. तापमान व सामू वाढल्यानेही ते वाढतात. उलट वितरण व्यवस्थेच्या टोकाला, जेथे क्लोरीन संपत आलेले असते, तेथे जीवाणूंच्या क्रियेमुळे हॅलोॲसेटिक आम्ले कमी होऊ शकतात. त्यामुळे केवळ जलशुद्धीकरण केंद्राच्या दारातील नमुना ग्राहकाच्या पेल्यातील पाण्याचे प्रतिनिधित्व करीत नाही.

विश्लेषण पद्धती :

ट्रायहॅलोमिथेनसाठी 'पर्ज अँड ट्रॅप' पद्धतीत पाण्यातून निष्क्रिय वायू सोडला जातो. त्याबरोबर बाहेर पडलेली संयुगे शोषक नलिकेत अडकवून, नंतर ती तापवून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात व मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखतात. दुसऱ्या पद्धतीत द्रावकाने निष्कर्षण करून हॅलोजनांना अतिसंवेदनशील असलेला इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर वापरतात. हॅलोॲसेटिक आम्ले सहज बाष्परूप होत नाहीत. म्हणून त्यांचे प्रथम मिथाइल एस्टरमध्ये रूपांतर करावे लागते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत एक विशेष अडचण येते. तेथे क्लोरोफॉर्म हे नित्य वापरातील द्रावक असल्याने खोलीच्या हवेतूनच नमुना दूषित होऊ शकतो. प्रत्येक संचासोबत क्लोरोफॉर्ममुक्त पाण्याचा कोरा नमुना तपासल्याशिवाय कोणताही आकडा ग्राह्य धरू नये.

मानके व अर्थनिर्णय :

आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात लिटरमागे क्लोरोफॉर्म २००, ब्रोमोडायक्लोरोमिथेन ६० आणि डायब्रोमोक्लोरोमिथेन व ब्रोमोफॉर्म प्रत्येकी १०० मायक्रोग्रॅम अशा मर्यादा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची क्लोरोफॉर्मसाठीची मर्यादा ३०० असून उर्वरित तीन मर्यादा याच आहेत. तथापि प्रत्येक संयुगाचे प्रमाण व त्याची मर्यादा यांच्या गुणोत्तरांची बेरीज १ पेक्षा अधिक नसावी, असेही संघटना सांगते. अमेरिकेत १९७९ साली चौघांच्या बेरजेसाठी १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आली. १९९८ च्या नियमाने ती ८० झाली.

समजा, एका नमुन्यात ही चार संयुगे वरील क्रमाने १२०, ३०, २० व ५ मायक्रोग्रॅम आढळली. भारतीय मानकातील प्रत्येक मर्यादेच्या आत हा नमुना बसतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ०.४० + ०.५० + ०.२० + ०.०५ = १.१५ येते, म्हणजेच मर्यादा ओलांडली जाते. एकूण १७५ मायक्रोग्रॅम ही बेरीज तर अमेरिकी मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणून अहवालात केवळ 'मानकानुसार योग्य' असा शेरा न देता चारही आकडे स्वतंत्रपणे द्यावेत.

निष्कर्ष :

उपपदार्थांच्या भीतीने क्लोरीन कमी करणे हा उपाय नव्हे. उपपदार्थांच्या नियंत्रणासाठी निर्जंतुकीकरणाशी तडजोड करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. क्लोरीन मिसळण्यापूर्वीच तुरटीने निवळण व गाळण अधिक कार्यक्षम करून सेंद्रिय पदार्थ काढणे हा योग्य मार्ग होय. ज्या महाविद्यालयांत गॅस क्रोमॅटोग्राफ नाही, तेथेही गाळलेल्या पाण्याचे २५४ नॅनोमीटरवरील अतिनील शोषण स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजता येते. त्यातून उपपदार्थांचे प्रमाण कळत नाही. मात्र सेंद्रिय पदार्थांतील ऋतुमानानुसार होणारा बदल समजतो व सविस्तर तपासणी केव्हा करावी हे ठरविता येते. ओ.टी. चाचणीतील पिवळ्या रंगाला अशा नोंदींची जोड देणे आपल्या रसायनशास्त्र विभागांना सहज शक्य आहे.